पाण्याखाली माणूस आहे

तिरोड्यापासून कोणताही समुद्र शेकडो मैल दूर आहे. अशा गावी वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून समुद्रातल्या पाणबुड्यांचा आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या बोटींचा इतिहास सांगावयाचा, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमच्या विडी कामगार भगिनींपैकी एकीने विषय ऐकताच विचारले, "भाऊ, समुद्राचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रथमच देणे बरे.

ह्या विषयात समुद्र हे निमित्तमात्र आहे. मूळ प्रश्न असा : एक माणूस अशा जागी काम करीत आहे की तो वरून दिसत नाही. दुसरा माणूस त्याच जागेवरून यंत्र घेऊन जात आहे. पहिल्याला दुसऱ्यापासून वाचवावयाचे कोणी आणि कसे? हा प्रश्न रुळावर काम करणाऱ्या गँगमनचा आहे, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचा आहे, गिरणीच्या खड्ड्यात वाकलेल्या हमालाचा आहे. परंतु त्याचे उत्तर माणसाने पायरीपायरीने कसे शोधले, ते पाणबुड्यांच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

पाणबुड्याची अडचण

पाण्याखालच्या माणसाची स्थिती काय असते, ते अगोदर समजून घेऊ. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला मागून मोटार आली तर आवाज कोणत्या बाजूने आला हे तत्काळ कळते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, आणि एका कानाला तो दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोहोचतो. त्या अंतरावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १,५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक. दोन्ही कानांत पडणारे अंतर इतके अल्प होते की दिशा ओळखूच येत नाही. बोट येत आहे एवढे पाणबुड्याला कळते. ती कोठून येत आहे हे कळत नाही.

बरे, बोट जाईपर्यंत त्याने खालीच थांबावे, तर पाठीवरच्या नळकांड्यातली हवा मोजकी. घाईने वर यावे, तर तेही घातक. दाबाखाली घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळलेला असतो. माणूस एकदम वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे सुटावेत तसे ते शरीरात सुटतात. किती खोल गेल्यावर कोठे किती थांबावे, ह्याची कोष्टके जॉन स्कॉट हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध केली. आजही पाणबुड्याला मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये असे शिकवितात, आणि पृष्ठभागाखाली सुमारे पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावयास सांगतात. म्हणजे प्रवासाचा शेवटचा टप्पा त्याने बोटींच्या पंख्याखाली अगदी जवळ, सावकाश, डोक्यावर काय आहे हे नीट न कळता काढावयाचा असतो.

आता वरच्या माणसाचे पाहा. वीस सागरी मैलांच्या वेगाने जाणारी बोट सेकंदाला दहा मीटर अंतर तोडते. शंभर मीटरवर पाण्यातून एक डोके वर आले, तर ते पाहून, ओळखून, सुकाणू फिरवावयास दहा सेकंद मिळतात. आणि लाटांत, उन्हाच्या चकाकीत, एक डोके म्हणजे नारळाएवढी वस्तू. ह्यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. पाणबुड्या स्वतःचे रक्षण पुरेसे करू शकत नाही. त्याच्या जिवाची जबाबदारी पाण्याच्या वर असलेल्या माणसांवरच येऊन पडते. पुढचा सगळा इतिहास हा ती जबाबदारी कोणावर टाकावी ह्याचाच इतिहास आहे.

दोराचा काळ

प्राचीन काळापासून पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला किंवा हाताला दोर असे. मन्नारच्या आखातात मोती काढणारे पाणबुडे दगडाच्या वजनाने तळाशी जात. वर होडीत त्यांचा सोबती दोर धरून बसे आणि इशारा मिळताच त्यांना ओढून घेई. श्वास एकाचा, हात दुसऱ्याचा, अशी ती वाटणी होती. सोबत्याचे लक्ष चुकले तर पाणबुड्या संपला. म्हणून दोर धरणारा माणूस पारखून घेतला जाई.

एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली, तरी दोर सुटला नाही. ऑगस्टस सीबे ह्या लंडनमधल्या कारागिराने तांब्याचे शिरस्त्राण आणि अंगभर बंद पोशाख बनविला. १७८२ साली स्पिटहेडजवळ बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' ह्या इंग्रज युद्धनौकेचे अवशेष १८३९ ते १८४३ ह्या काळात कर्नल पॅस्ली ह्यांच्या देखरेखीखाली काढण्यात आले. त्या कामात ह्या पोशाखाची परीक्षा झाली आणि तो सर्वत्र रूढ झाला. ह्या पद्धतीत वर बोटीवर हवेचा पंप, तो चालविणारी माणसे, खाली जाणारी रबरी नळी आणि इशाऱ्याचा दोर असा सरंजाम असे. दोर एकदा ओढला तर एक अर्थ, दोनदा ओढला तर दुसरा.

ह्या पद्धतीत गैरसोयी पुष्कळ होत्या. पण बोटींपासून रक्षणाचा प्रश्न बहुतांशी आपोआप सुटला होता. पाणबुड्या जेथे, तेथेच वर त्याची बोट. पंप मारणारी माणसे दुरून दिसत. जाणाऱ्या जहाजाला त्या मुक्कामी बोटीला वळसा घालावाच लागे. पाणबुड्या अदृश्य होता. पण त्याचे दुसरे टोक सर्वांना दिसत होते.

दोर तुटला

१९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये, झाक-इव्ह कुस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता ह्या दोघांनी एक उपकरण सिद्ध केले. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, आणि मोटारी गॅसवर चालविण्यासाठी गान्यांने एक झडप बनविलेली होती. तीच झडप सुधारून त्यांनी अशी योजना केली की पाठीवरच्या नळकांड्यातली दाबलेली हवा माणसाने श्वास ओढला की तेवढीच, आणि त्या खोलीवरील दाबाला जुळेल अशी, तोंडात यावी. पंप नको, नळी नको, दोर नको. माणूस माशासारखा मोकळा झाला. ज्याला आज आपण स्कूबा म्हणतो त्याचा खरा प्रसार येथून झाला.

ह्या शोधाची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. समुद्राचे तळ, प्रवाळ, बुडालेली जहाजे ह्यांविषयी गेल्या ऐंशी वर्षांत जे ज्ञान झाले त्याचा मोठा भाग ह्या मोकळ्या माणसाने आणला. परंतु प्रत्येक यंत्र एक बंधन तोडते तेव्हा त्या बंधनाबरोबर एखादे संरक्षणही तोडते. हातमागाचा विणकर गिरणीत गेला तेव्हाही हेच घडले. पाणबुड्याचा दोर तुटला, तसा दोर धरणारा हातही गेला. आता पाण्यावर त्याची खूण म्हणून उरले फक्त त्याच्या श्वासाचे बुडबुडे. शांत पाण्यात ते दिसतात. थोडी लाट असली की दिसत नाहीत.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडत होती. होडीच्या मागे अडकवावयाची मोटार विसाव्या शतकाच्या आरंभापासून होतीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. सुट्टीच्या दिवशी तळ्यांवर, नद्यांवर, किनाऱ्यांवर वेगवान बोटींची गर्दी होऊ लागली. अशा रीतीने एकाच पाण्यात, एकाच काळी, खाली मोकळा पाणबुड्या आणि वर मोकळा वेग अशी गाठ पडली. दोघेही मौजेसाठी आलेले. दोघांनाही एकमेकांची खबर नाही.

दोन बावटे

तोडगा निघाला तो अगदी साधा. १९५६ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेन्झेल डॉकरी ह्या हौशी पाणबुड्याने तांबड्या रंगाचा आणि त्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारा पांढरा पट्टा असलेला बावटा तयार केला. अर्थ एकच : येथे खाली माणूस आहे. हा बावटा सरकारने काढला नाही, कोणत्या परिषदेने ठरविला नाही. ज्यांच्या जिवावर बेतत होते त्यांच्यातल्याच एकाने तो शिवून घेतला, इतरांनी तो उचलला, आणि पुढे एकेका राज्याने त्याला कायद्याचे बळ दिले. कामगारांच्या पुष्कळ हक्कांचा क्रम असाच आहे. आधी रूढी, मग मागणी, मग कायदा.

आंतरराष्ट्रीय समुद्रावर मात्र बावट्यांची भाषा फार आधीपासून होती. १८५७ साली ब्रिटनच्या व्यापार मंडळाने अठरा बावट्यांची एक संकेतावली प्रसिद्ध केली. तीच वाढत, सुधारत सर्व राष्ट्रांची झाली. तीत इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या अक्षराचा, म्हणजे 'ए'चा, बावटा आहे : काठीकडची बाजू पांढरी, टोकाकडची निळी, आणि टोक पाकोळीच्या शेपटासारखे दुभंगलेले. १९३१ च्या सुधारित संकेतावलीत ह्या बावट्याचा अर्थ होता, 'मी वेगाची चाचणी घेत आहे'. १९६५ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नवी संकेतावली मंजूर केली, ती १९६९ पासून अमलात आली, आणि त्याच बावट्याला नवा अर्थ मिळाला : 'माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा आणि हळू जा'.

श्रोत्यांनी ह्या बदलाकडे थोडे लक्ष द्यावे. कापड तेच, रंग तेच. आधी तो बावटा सांगत होता, मी वेगात आहे, बाजूला व्हा. पुढे तोच सांगू लागला, खाली माणूस आहे, तुम्ही वेग कमी करा. एका पिढीत यंत्राचा मान उतरून माणसाचा मान चढला, असे निदान संकेतावलीच्या त्या पानावर तरी घडले.

१९७२ साली समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम झाले. ते १९७७ साली अमलात आले. आपल्या देशात १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याखाली १९७५ साली तसेच नियम करण्यात आले. त्यांत पाणबुड्यांचे काम चालू असलेल्या बोटीला 'हालचालीस बांधलेली बोट' मानले आहे. यंत्रावर चालणाऱ्या इतर बोटींनी तिला वाट सोडून द्यावयाची. तिने रात्री एकाखाली एक तांबडा, पांढरा, तांबडा असे तीन दिवे लावावयाचे; दिवसा गोळा, चौकट, गोळा अशी तीन काळी चिन्हे टांगावयाची. बोट लहान असेल आणि सगळा सरंजाम शक्य नसेल, तर हे तीन दिवे आणि दिवसा 'ए' बावट्याची निदान एक मीटर उंचीची ताठ प्रतिकृती लावलीच पाहिजे, आणि ती चोहोबाजूंनी दिसली पाहिजे.

ह्यातले दोन शब्द आम्हांस फार आवडतात. पहिला, 'ताठ'. कापडी बावटा वारा पडला की काठीला चिकटून लोंबतो, आणि मग त्याचा अर्थ कोणाला वाचता येत नाही. हा नियम लिहिणाऱ्याने पाण्यावर दिवस काढलेला असला पाहिजे. दुसरी गोष्ट अपवादाची. ह्याच नियमात पुढे म्हटले आहे की बारा मीटरपेक्षा लहान बोटींना ह्या खुणांतून सूट आहे, मात्र पाणबुड्यांचे काम करणाऱ्या बोटींना ती सूट नाही. आम्ही आयुष्यभर विडीच्या धंद्यात पाहिले की कायदा नेहमी लहान जागेला सूट देतो : इतक्यापेक्षा कमी माणसे असतील तर हा नियम लागू नाही, घरी काम चालत असेल तर तो लागू नाही. आणि माणूस तर बहुधा त्या लहान जागेतच मरतो. येथे मात्र कायद्याने उलट विचार केला. बोट कितीही लहान असो, खाली माणूस असेल तर सूट नाही.

निरनिराळ्या देशांनी आणि राज्यांनी अंतरेही ठरविली. उदाहरणार्थ, अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात खुल्या पाण्यात बावट्यापासून ३०० फुटांच्या आणि नदीत वा खाडीच्या मुखाशी १०० फुटांच्या आत बोटीने येण्याचे टाळावे, आणि आलीच तर सुकाणूला जेमतेम पाणी लागेल इतक्याच वेगाने यावे. पाणबुड्यानेही त्याच अंतराच्या आत वर येण्याचा प्रयत्न करावा. आणि पाण्यात कोणी नसेल तेव्हा बावटा उतरविलाच पाहिजे. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. रिकाम्या पाण्यावर दिवसभर फडकणारा बावटा लोकांना त्याच्याकडे दुर्लक्ष करावयास शिकवितो.

कोझुमेलची घटना

इतके सगळे झाले असताना २००० सालच्या १८ डिसेंबरला मेक्सिकोतील कोझुमेल बेटाजवळ जे घडले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कर्स्टी मॅकॉल ही ब्रिटनमधील नामांकित गायिका आपल्या दोन मुलांसह तेथल्या चांकानाब नावाच्या प्रवाळाजवळ पाणबुडी करावयास उतरली होती. ती जागा पाणबुड्यांसाठी राखलेली होती. वेगवान बोटींना तेथे येण्यास मनाई होती. सर्वजण पाण्यावर येत असताना एक वेगवान बोट आली. आईने आपल्या एका मुलाला बाजूला ढकलले आणि स्वतः बोटीखाली सापडली. ती जागच्या जागी गेली. तिचे वय ४१ होते.

बोट एका धनाढ्य व्यापाऱ्याची होती, आणि तो त्या वेळी बोटीवर होता. आपण बोट चालवीत होतो असे बोटीवरच्या एका खलाशाने सांगितले. बोट अगदी हळू होती असे बोटीवरच्या मंडळींचे म्हणणे, ती फार वेगात होती असे साक्षीदारांचे. न्यायालयाने खलाशाला दोषी ठरविले. दोन वर्षे दहा महिन्यांची शिक्षा झाली. पण तेथल्या कायद्याप्रमाणे एक हजार चौतीस पेसो दंड भरून ती टाळता येत होती. ती रक्कम म्हणजे त्या वेळचे सुमारे ६१ पौंड. कुटुंबाला द्यावयाची भरपाई खलाशाच्या मजुरीच्या हिशेबाने ठरली. मृत गायिकेच्या वृद्ध आईने न्यायासाठी अनेक वर्षे चळवळ चालविली. मालकापर्यंत कायदा पोहोचला नाही.

ह्या घटनेत राखीव जागा होती, नियम होता, पाणबुडे शिकलेले होते. काय नव्हते? त्या जागेवर पहारा ठेवणारा माणूस नव्हता. आणि नियम मोडल्यास तो कोणाच्या मानेवर बसेल ह्याविषयी मालकाच्या मनात धाक नव्हता. नियम कागदावर असतो आणि शिक्षा सर्वांत खालच्या नोकराला होते, तोवर बोटीचा वेग कमी होत नाही. आमच्या संघटनेच्या कामातला एक प्रसंग येथे आठवतो. एका भातगिरणीत एलिव्हेटरच्या खड्ड्यात भुसा अडकला म्हणून हमाल आत उतरला. वर दुसऱ्या पाळीचा माणूस आला, त्याने कळ दाबली. हमालाचा हात गेला. चौकशीत दोषी ठरला तो कळ दाबणारा, महिन्याच्या पगारावरचा एक गरीब पोरगा. आम्ही मागणी केली ती दोनच गोष्टींची : कळीला कुलूप, आणि खड्ड्यात उतरणाऱ्याच्या खिशात त्याची किल्ली, आणि कळीवर पाटी, 'आत माणूस आहे'. त्यासाठी आठवड्याचा संप करावा लागला. पाटी लागली तेव्हा तिचा खर्च एका पोत्याच्या किमतीहून कमी होता.

आपला किनारा

आता महाराष्ट्राकडे वळू. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. गेल्या काही वर्षांत मालवण आणि तारकर्ली ही स्कूबाची मोठी केंद्रे झाली. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस पाणबुडी शिकविणारी संस्थाही काढली. विदर्भातून सहलीला गेलेली मंडळी आता 'आम्ही समुद्राखाली जाऊन आलो' असे सांगतात, आणि त्यांना हात धरून खाली नेणारे तरुण बहुधा तेथल्याच मच्छीमार घरांतले असतात. बापाने जाळे टाकले, मुलगा नळकांडे बांधून उतरतो. ह्या धंद्याने पुष्कळ घरांत चूल पेटती ठेवली आहे, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

परंतु त्या पाण्यात कोण कोण आहे ते पाहा. किल्ल्यावर उतारू नेणाऱ्या होड्या, मासेमारीच्या यांत्रिक नौका, पाठीमागे छत्री उडविणाऱ्या बोटी, पाण्यावरून मोटारसायकलीसारख्या धावणाऱ्या गाड्या, आणि त्यांच्या मध्ये पाणबुड्यांच्या बोटी. हंगाम मोजक्या महिन्यांचा, जूनमध्ये समुद्र बंद. जितक्या फेऱ्या तितकी कमाई, अशी वाहकाची मजुरी ठरलेली असली तर त्याने वेग कमी करावा हा उपदेश पोकळ ठरतो. वेगाचे मूळ पुष्कळदा सुकाणूत नसून मजुरीच्या पद्धतीत असते. ट्रक चालविणाऱ्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीला उतारू नेणाऱ्या 'नीलकमल' ह्या लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू असता तिच्यावरचा ताबा सुटला होता. पंधरा माणसे गेली. कोझुमेलच्या घटनेला त्याच दिवशी चोवीस वर्षे पूर्ण झाली होती. ह्या दोन अपघातांत पाण्याखाली कोणी पाणबुड्या नव्हता, हे खरे. पण गर्दीच्या पाण्यात वेगाची चाचणी हा प्रकार ऐकताच जुन्या संकेतावलीतला त्या बावट्याचा पहिला अर्थ आठवल्यावाचून राहत नाही. अपघातानंतर उतारूंना जीवरक्षक जाकिटे सक्तीची झाली. चांगले झाले. परंतु जाकीट हे पाण्यावर तरंगणाऱ्याचे रक्षण आहे. जो मुद्दाम खाली गेला आहे त्याला ते उपयोगी नाही. त्याचे रक्षण फक्त वरच्या माणसाच्या सावधपणात आहे.

बावट्याला माणूस हवा

आमच्या गावावरून जाणाऱ्या हावड्याच्या लोहमार्गावर हा धडा शंभर वर्षांहून अधिक काळ गिरविला जात आहे. रूळ उखडून काम चालू असले की गँग कामाच्या जागेपासून ६०० मीटरवर रुळांवर आडवा तांबडा बावटा ताणते आणि १,२०० मीटरवर रुळांवर फटाके बांधते. इंजिनाचे चाक वरून गेले की फटाका फुटतो, म्हणजे ड्रायव्हरचे डोळे चुकले तरी कान चुकत नाहीत. पण ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की त्या बावट्यापाशी एक माणूस उभा असतो. तेच त्याचे काम, त्याचाच त्याला पगार. आणि बावटा ओलांडणाऱ्या ड्रायव्हरला जबाब द्यावा लागतो. खूण, खुणेपाशी माणूस, आणि खूण मोडणाऱ्याला जाब : ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेथेच रक्षण झाले.

पाण्यावर पहिली गोष्ट आली आहे. बावटा आहे, आता तर पाणबुड्याने खालूनच फुगवून वर सोडावयाचे नारिंगी रंगाचे लांब फुगेही आहेत, आणि ते प्रत्येक पाणबुड्याजवळ असले पाहिजेत. उणीव आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीची. पाणबुडे खाली असताना बोटीवर एक माणूस केवळ पाहण्यासाठी असावा. तिकिटे फाडण्यासाठी वा फोटो काढण्यासाठी नव्हे. त्या जागेवरून जाणाऱ्या प्रत्येक बोटीच्या वाहकाला परवाना देताना पांढऱ्या-निळ्या बावट्याचा आणि तांबड्या बावट्याचा अर्थ विचारावा. सांगता आला नाही तर परवाना देऊ नये. आणि वेगाबद्दल दंड व्हावयाचा तो मालकाला प्रथम व्हावा.

हे सारे मालवणचे झाले, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. आपल्या भंडारा-गोंदियाच्या मुलुखात मालगुजारी तलाव आहेत, बोदलकसा आणि चोरखमारा आपल्याच तालुक्यात आहेत, आणि वैनगंगा उशाशी आहे. धापेवाडा योजनेच्या बंधाऱ्याने नदीचे पाणी अडले. खाली गोसेखुर्दच्या फुगवट्याने तर दूरवर सरोवर झाले, आणि त्यावर जलपर्यटनाच्या योजना आखल्या गेल्या आहेत. जेथे पूर्वी फक्त ढिवरांचे डोंगे होते तेथे मोटारीची बोट येणार, किंबहुना आली आहे. आणि दर पावसाळ्यात, गणपती विसर्जनाला, कोणी बुडाले की काय होते? राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची रबरी मोटारबोट येते. त्याच पाण्यात गावातले ढिवर बांधव बुड्या मारून शोध घेत असतात. त्यांना वर्दी नाही, विमा नाही, यादीत नाव नाही. नदीचा तळ त्यांना जितका ठाऊक तितका कोणाला नाही, म्हणून हाक प्रथम त्यांनाच जाते. ते खाली असताना वर पंखा फिरता कामा नये.

ह्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. एका मीटरचा पत्रा दोन रंगांत रंगवून काठीला ठोकावा, तो ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात ठेवावा. बुडी मारणारा पाण्यात जाताच तो उभा करावा, वर येताच खाली करावा. बावटा उभा असेतोवर त्या टापूत इंजिन बंद राहील, फक्त वल्ही चालतील. आणि बावट्यापाशी एक माणूस असावा, जो दुसरे काहीही करणार नाही. बुडी मारणाऱ्या माणसांची नावे यादीत घालावीत, त्यांना मजुरी आणि विमा द्यावा. तालुक्याच्या शोधपथकाकडे ही मागणी आपण सर्वांनी मिळून न्यावी, असा आमचा प्रस्ताव आहे, आणि विडी कामगारांची संघटना त्यात पुढे राहील.

दोर तुटला ही चांगलीच गोष्ट झाली. तो परत बांधा असे कोणी म्हणणार नाही. पण त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता. बावटा दोराची जागा घेऊ शकतो. त्या माणसाची जागा त्याला घेता येत नाही. ती आपल्यापैकी कोणीतरी घ्यावयाची आहे.